पाचवा कॅन

"हा खडू घे आणि मागच्या डाव्या चाकावर उभा राहा," आबा म्हणाले.

मी गच्चीभर पाहिलं. चाक कुठेच दिसेना.

"तिथे नाही. तू डिझेलच्या टाकीवर उभा आहेस. दोन पावलं मागे ये."

दोन पावलं मागे सरकलो तेव्हा पायाखाली खडूने काढलेला एक लांबट चौकोन दिसला. चाक चौकोनी कसं, असं विचारणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं की आबांनी ही गाडी वरून पाहिली आहे. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात धरणांचे नकाशे काढलेला माणूस. कागदावर उतरल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे, आणि आज तर त्यांनी कागदही पुरेसा मानला नव्हता. आफ्रिकेत आम्हाला भाड्याने मिळणार होती ती जीप त्यांनी नाशिकच्या आपल्या गच्चीवर एकास एक प्रमाणात काढली होती, टपावरच्या दोन तंबूंसकट.

याला सतरा वर्षं झाली. त्या रविवारी सकाळी दहा वाजताच फरशी चटके द्यायला लागली होती आणि आम्ही बोट्सवानाच्या रानात नऊ दिवस फिरण्याची रंगीत तालीम करत होतो.

बेत असा होता. माऊन नावाच्या गावातून जीप घ्यायची आणि नवव्या दिवशी उत्तरेला कसानेला पोचायचं. मधे सगळी वाळू आणि जंगल. भरवशाचं दुकान नाही, पंप नाही, मुक्कामाच्या जागेला कुंपण नाही. रोज सकाळी बिऱ्हाड गाडीत भरायचं आणि संध्याकाळी नव्या जागी मांडायचं. चूल आपली, पाणी आपलं, रस्ता चुकला तर तोही आपलाच. आम्ही चौघं जाणार होतो. म्होरके आबा गायधनी, वय सत्तर. त्यांची बायको मालूकाकू, जिने जन्मभर त्यांच्या गडावरच्या मोहिमांसाठी डबे भरून दिले आणि स्वतः एकही गड पाहिला नाही. लतीफ अत्तार, द्वारका चौकाजवळच्या गॅरेजचा मालक, कारण वाळूत बंद पडलेली जीप हनुमान चालिसा म्हणून चालू होत नाही. आणि मी, हेरंब. रविवार कारंज्यावर माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं म्हणून धंदा करतो, हे आजच्या गोष्टीत आधीच सांगून ठेवलेलं बरं.

"वाच," आबांनी यादी माझ्या हातात दिली. "मी जागा दाखवतो, लतीफ वस्तू ठेवेल."

"घडीच्या खुर्च्या, पाच."

लतीफने खुर्च्या उजव्या कडेच्या चौकोनात ठेवल्या.

"ताटल्या, पाच. पेले, पाच. पाण्याचे कॅन, वीस लिटरचे..." मी थांबलो. "पाच?"

"माणशी पाच लिटर रोज. सलग चार दिवस पाण्याची खात्री नाही. म्हणजे माणशी एक कॅन."

"हो, पण माणशी एक म्हणजे चार ना?"

"पाच," आबा म्हणाले आणि टेप गुंडाळायला लागले.

मी लतीफकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच 'मला काय विचारता' केलं. गॅरेजमधून त्याने खरंच पाच कॅन आणले होते, नळाच्या पाण्याने गळ्यापर्यंत भरून. तालीम म्हणजे तालीम, रिकाम्या कॅनने वजन कळत नाही, असा आबांचा हुकूम होता.

"आबासाहेब," लतीफ म्हणाला, "एक बोलू का? दोन कॅन डिझेल, पाच पाणी, वर तंबू, आन् हेरंबभाऊंची ती कॅमेऱ्याची पेटी. मागच्या स्प्रिंगचा पाटा बसंल. वाळूत गाडी रुतली तर तिथं काढाया कोन येनार? हत्ती?"

"मग दुसरं काही काढ. पाचवा कॅन राहील."

"पन कोनासाठी?"

आबांनी खिशातून पेन्सिल काढून यादीत पाण्यापुढे बरोबरची खूण केली. मला काही सुधरेना. हा माणूस हिशेबात कधी चुकत नसे. गडावर चहाची पूड सुद्धा चमच्याने मोजून न्यायचा. आणि आता चार माणसांना पाच खुर्च्या!

"हेरंबा, जरा खाली ये रे," जिन्यातून काकूंची हाक आली. "दशम्यांची चव बघ."

स्वयंपाकघरात ओट्यावर दशम्यांच्या सहा चळती होत्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी: सोमवार, मंगळवार, बुधवार. कोणत्या दिवशीची किती टिकते ते काकू बघत होत्या. मला मंगळवारची दिली. चांगली होती. पण त्यांना चव विचारायची नव्हतीच. त्यांनी दार लोटून घेतलं.

"वर पाच पाच चाललंय ना?"

"हो. मला काही कळत नाहीये, काकू."

"मला कळतंय," त्या म्हणाल्या आणि पदराने हात पुसत राहिल्या. "गेल्या आठवड्यात दूध आणायला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. विचारलं तर म्हणतात, कशाला गेलो होतो मी? मी हसण्यावारी नेलं. पण बुधवारी जेवताना म्हणाले, वसंताला तारीख कळवलीस का?"

वसंतराव पुंड आबांचे तीस वर्षांचे गडावरचे सोबती. त्यांना जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती.

म्हणजे पाचवी खुर्ची वसंतरावांची. पाचवा कॅन त्यांचा.

"त्यांच्या डोक्यात अजून वसंतराव येणार आहेत," काकू म्हणाल्या. "असा माणूस तुम्हाला सिंहांच्या गावाला नेणार? मला म्हणाले असते तू येऊ नकोस, तर मी राहिले असते. पण ते म्होरके. ते तिकडे कुठे उतरले, कुठे चालत गेले, तर मी कोणाला हाक मारू? तू सांग त्यांना, नका जाऊ म्हणावं. माझं ऐकायचे नाहीत. तुझं ऐकतील, तू त्यांचा लाडका."

मी त्यांचा लाडका होतो हे खरं. आमची ओळखच तशी झाली होती. चोवीस वर्षांचा असताना ऑफिसातल्या मित्रांबरोबर कुलंग किल्ल्यावर गेलो आणि जंगलात मागे राहून वाट चुकलो. दीड दिवस पोटात अन्न नव्हतं. कसाबसा वर पोचलो तर गुहेत आबांची मंडळी जेवायला बसत होती. आबांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "आधी जेव, मग बोल," म्हणाले आणि जर्मनची एक ताटली पुढे सरकवली, पिठलं-भाताने भरलेली. त्या ताटलीवर मी पुढे खिळ्याने 'हे' कोरलं. तेव्हापासून प्रत्येक गडावर ती माझी. बारा वर्षं मी त्यांच्यासोबत हिंडलो. सामान नेहमी आबा भरायचे, दरवेळी शिधा थोडा उरायचा आणि ते तो पायथ्याच्या वाडीत देऊन टाकायचे. मी त्यांना त्यावरून चिडवायचो सुद्धा, की नकाशात मिलिमीटर मोजता आणि तांदळात चुकता.

आता चिडवावंसं वाटत नव्हतं. या प्रवासाची ते तीन वर्षं तयारी करत होते. माझ्या एका वाक्याने ती मोडणार होती, आणि नाही बोललो तर त्या वाळूत काय होईल कोणास ठाऊक. जिना चढताना दोन वेळा थांबलो.

वर पाटा, वजन आणि कॅन यांवरून आबांची आणि लतीफची जुंपली होती.

"आबा," मी म्हणालो, "आपण किती जण जाणार? नावं सांगा बरं."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "परीक्षा घेतोस? मी, मालू, लतीफ, तू."

"किती झाले?"

"चार. मोजता येतं मला."

"मग पाचवा कॅन कोणाचा?"

"असू दे."

"वसंतराव वारले, आबा."

"ठाऊक आहे. खांदा दिलाय मी त्याला." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "वसंताचा नाही तो."

"मग कोणाचा?"

"असू दे म्हटलं ना, हेरंब."

आता मला राग आला. खरं तर भीती वाटत होती, पण भीती वाटली की मी चिडतो. "असू दे कसं? चौघांचा जीव आहे यात! तुम्ही दूध आणायला जाता आणि विसरता. गेलेल्या माणसाला निरोप धाडता. आणि आता चार माणसांना पाच कॅन. आबा, तुम्ही येऊ नका. मला वाईट वाटतंय, पण तुम्ही नका येऊ. काकूंनाही तसंच वाटतंय."

काकू माझ्यामागून जिन्याच्या दारात येऊन उभ्या होत्या. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली.

शेजारच्या गच्चीवर कोणीतरी वाळवण घालत होतं, त्या ताटांचा आवाज तेवढा येत होता. आबा खडूची रेघ न पुसेल अशा बेताने गाडीतून चालत बाहेर आले आणि त्यांनी यादी उचलली. पेन्सिलीने एक रेघ मारली.

"ठीक आहे. लतीफ, एक माणूस कमी झाला. माझी खुर्ची काढ. ताटली, पेला काढ. एक कॅन काढ. राहिले चार. आता पाट्याला काही होणार नाही."

लतीफने एक कॅन उचलला आणि मधेच थांबला. "चार? आता तिघंच ना आपन, आबासाहेब?"

"तीन. आणि एक."

मी अगदी वेडावून गेलो. स्वतःला वगळलं तरी हा माणूस तो एक सोडत नव्हता!

"अहो, सांगून टाका ना एकदाचं," काकू रडवेल्या झाल्या होत्या. "कोण आहे तो एक? मला कधी बोलला नाहीत. पाच जणांच्या दशम्या कर म्हणायचात, मी करायची. मला वाटायचं जातच असतील पाच."

"सांगितलं तर त्याला लागेल."

"कोणाला?"

आबा गोदावरीच्या दिशेला बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. एवढा वेळ प्रत्येक प्रश्नाला ते माझ्या डोळ्यांत बघून उत्तर देत होते, आणि या एका प्रश्नाला नाही.

लतीफ ताटल्या उचलत होता. "ह्यातली आबांची कोनती? ही 'हे' लिहिलेली तर हेरंबभाऊंची. लई जुनी दिसती. कुठं घेतली होती, भाऊ?"

"घेतली नाही. कुलंगवर मला आबांनी..."

मला ती गुहा दिसली. डावीकडे आबा. त्यांच्याजवळ वसंतराव. पलीकडे शाळेतले जोगळेकर सर, आणि चुलीपाशी आंबेवाडीचा वाटाड्या बाबू. प्रत्येकापुढे ताटली होती, वाढलेली. आणि पाचवी ताटली पिशवीतून निघाली होती. भुकेल्या माणसाला ताटली आली कुठून हा प्रश्न सुचत नाही. मला पुढे बारा वर्षं सुचला नव्हता.

"त्या दिवशी तुम्ही किती जण होतात, आबा?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"चार."

मी खडूच्या गाडीतच खाली बसलो. ज्याच्या कॅनवरून मी या माणसाला वेडा ठरवत होतो, तो पाचवा मी होतो.

"पंचाहत्तर सालची गोष्ट," आबा इतकंच सांगायचं म्हणून सांगावं तसं बोलले. "मे महिना. आम्ही चौघं होतो. हरिश्चंद्रगडावरून उतरताना एकजण भेटला, एकटा. पाणी मागत होता. आमच्याकडे होतं, पण मोजून होतं. मी म्होरक्या. मी म्हणालो, खाली वाडी आहे, तासाभरात पोचशील. तो पोचला नाही. दुसऱ्या दिवशी गुराख्यांना सापडला. तेव्हापासून एक जास्तीचं नेतो. बहुतेक वेळा तसंच उरतं. एकदाच कामी आलं."

"मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? तू जेवलास ते जास्तीचं होतं? वाढलेल्या ताटाची आठवण करून द्यायची असते का कोणी?"

काकू जिन्याच्या पायरीवर बसून डोळे पुसत होत्या. लतीफने न बोलता तो काढलेला कॅन परत जागेवर ठेवला. मग आबांची खुर्ची ठेवली.

"पाटा बसंल," तो म्हणाला, "तर बसू दे. मी जादा पाटा टाकून घेतो. तिथल्या मालकाला कळवतो."

"नको," मी म्हणालो आणि उठलो. गाडीच्या मागच्या कोपऱ्यात माझी कॅमेऱ्याची पेटी होती. तीन मोठ्या लेन्स, दोन कॅमेरे, तिपाई, मिळून सव्वीस किलो. आबांनी तिच्यासाठी चौकोन आखून त्यात 'हेरंब – डोळे' असं लिहिलं होतं. मी ती दोन्ही हातांनी उचलून गाडीबाहेर, पाण्याच्या टाकीखाली नेऊन ठेवली. "आता मोज लतीफ."

"मी येत नाही म्हटलंय," आबा म्हणाले.

"तुम्ही नाहीत तर या सहा दिवसांच्या दशम्या मी काय कबुतरांना घालू?" काकू एकदम म्हणाल्या. "आणि विसरता ते विसरा. मी आहे ना. चाळीस वर्षांत मी तुमचं काय विसरलेय? चुकून बोललेलं सुद्धा सगळं लक्षात आहे."

लतीफ हसला. मग आबाही हसले, अगदी थोडं. त्यांनी यादीतली रेघ खोडरबराने पुसली आणि यादी माझ्या हातात दिली. "ही आता तुझ्याकडे. किल्ली लतीफकडे. मी मागे बसेन, मालूजवळ. चालेल?"

मी यादीची घडी करून वरच्या खिशात ठेवली.

त्या ऑगस्टात आम्ही गेलो. लेन्स नव्हत्या म्हणून असेल, पण मी त्या नऊ दिवसांत पुष्कळ पाहिलं. आबा दोनदा गोंधळले, एकदा भर दुपारी मला वसंता म्हणाले, आणि काकूंनी त्यांचा सदरा एकदाही सोडला नाही. रोज संध्याकाळी चुलीभोवती पाच खुर्च्या मांडल्या जात. हत्ती येऊन गेले, तरस येऊन गेलं, पाचव्या खुर्चीवर बसायला कोणी आलं नाही. पाचवा कॅन कसानेपर्यंत भरलेला आला. तिथल्या पंपावर उलट दिशेने निघालेलं एक तरुण जोडपं पाणी भरत होतं. आबांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, तुम्ही किती जण? दोन, म्हणाले. आबांनी कॅन त्यांच्या गाडीत ठेवायला लावला. त्यांना काही समजलं नाही. बारा वर्षांपूर्वी कुलंगवर मलाही समजलं नव्हतं, म्हणून मी त्यांना समजावत बसलो नाही.

काकूंची भीती खोटी नव्हती. पुढच्या तीन वर्षांत आबांच्या डोक्यातल्या नकाशावरचं एकेक गाव पुसत गेलं. आधी रस्ते, मग महिने, मग माणसं. मी महिन्यातून एकदा त्यांच्या चष्म्याच्या दांड्या बघायच्या निमित्ताने जायचो.

एका दुपारी गेलो तेव्हा काकू त्यांना जेवायला वाढत होत्या. दारात मला बघून आबांनी घास खाली ठेवला. कपाळाला आठ्या घालून बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आबा, मी हेरंब." त्या नावाचं त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"मालू," ते म्हणाले, "कोणीतरी आलंय. वाट चुकलेला दिसतो."

"अहो, हेरंब आहे तो..."

"नाव नंतर विचार. जेवला नसेल. जास्तीचं आहे ना?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी घरून जेवून निघालो होतो. त्यांनी फळीवरून ती जर्मनची ताटली काढली आणि वरण-भात वाढला. मी आबांच्या समोर बसलो. त्यांनी ती हाताने माझ्यापुढे आणखी जरा सरकवली.

"आधी जेव," आबा म्हणाले, "मग बोल."

मी जेवलो. सगळं.